मांजर घराचे की माणसाचे? आईबरोबर सुकटीला ठाण्याला आणावे का?

वाळवण, ४ मे

नमस्कार. गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी गेली तीन वर्षे आई एकटी राहते आहे. तिचे वय ७४ आहे, गुडघे साथ देत नाहीत, आणि मागच्या पावसाळ्यात विहिरीकडच्या पायऱ्यांवर ती घसरली, तेव्हापासून आम्ही तिच्या मागे लागलो होतो. आता ती कायमची आमच्याकडे ठाण्याला यायला तयार झाली आहे. प्रश्न सुकटीचा आहे. सुकटी हे आमच्या मांजरीचे नाव. ती कबरी आहे, वय अंदाजे आठ वर्षे, आणि लहानपणी सुकटीच्या डब्यात तोंड अडकवून घरभर धावल्यामुळे तिला हे नाव पडले. ती दिवसा भाताच्या कणगीवर झोपते, रात्री उंदरांमागे असते, आणि आई विळीवर मासे कापायला बसली की आंब्याच्या शेंड्यावर असली तरी दहा मोजायच्या आत तिच्या पुढ्यात येऊन बसते.

माझ्या भावाचे म्हणणे आहे की कुत्रा माणसाचा असतो आणि मांजर घराचे असते, त्यामुळे तिला तिथेच ठेवावे; शेजारच्या काकू रोज भात घालतील. गावात सगळेच असे म्हणतात. आई यावर काहीच बोलत नाही. परवा फोनवर मात्र तिने सामानाच्या यादीच्या मध्येच विचारले, "तुमच्या घरात माती कुठे आहे?" मला वाटले की ती तुळशीविषयी विचारते आहे. बऱ्याच वेळाने लक्षात आले की ती सुकटीच्या शी-शूच्या सोयीविषयी विचारत होती. आमचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर आहे आणि त्यात तीन कुंड्यांखेरीज माती नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

पागोळी, ४ मे

ताई, माझे मत स्पष्ट आहे, राग मानू नये. मांजरीला गावीच राहू द्यावे. माझे बालपण दापोलीजवळ गेले. आमच्याकडे एक बोका होता; त्याने शेजाऱ्यांच्या दुधाचा नाद सोडला नाही, म्हणून आजोबांनी त्याला गोणपाटात घालून चार किलोमीटरवरच्या बंदरावर सोडले. तिथे मासळीचा बाजार, म्हणजे बोक्याच्या दृष्टीने स्वर्गच म्हणायचा. तिसऱ्या दिवशी पहाटे तो आमच्या पडवीत, नेहमीच्या जात्याच्या खुंट्यापाशी झोपलेला सापडला. त्याला गोणीत घालणाऱ्या माणसांविषयी त्याला प्रेम वाटत असण्याचे काहीच कारण नव्हते. तो आला तो जागेसाठी. मांजरी पिल्लांना सात घरे फिरवते असे आपल्याकडे म्हणतात, पण ती फिरवते ती पिल्लांच्या सुरक्षिततेसाठी आणि तिच्या स्वतःच्या हद्दीतच. आठ वर्षे रानात वावरलेल्या जनावराला सहाव्या मजल्यावर कोंडणे हे आपल्या समाधानासाठी असते, त्याच्या नव्हे.

खिडकीपाशी, ५ मे

मी पुण्यात दोन मांजरांसह राहते आणि तीन वेळा घर बदलले आहे, म्हणून लिहिते. पागोळी यांचा बोका खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. त्या बोक्याच्या बाबतीत माणसे आणि जागा एकाच ठिकाणी होती. तो कशासाठी परतला हे त्याने सांगितलेले नाही. इथे माणूसच जागा सोडून निघाला आहे, आणि मागे राहणार आहे ते कुलूप लावलेले घर, विझलेली चूल आणि कोणी भात न शिजवल्यामुळे हळूहळू निघून जाणारे उंदीर.

मांजर जागेला धरून असते याचा अर्थ ते वासाला धरून असते. ते दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला, आपल्या पोटरीला गाल घासते, तेव्हा गालांवरच्या ग्रंथींतून आपला वास तिथे ठेवत असते, आणि जिथे आपला वास आहे तिथे त्याला निर्धास्त वाटते. त्यामुळे नव्या घरात न्यायचा असतो तो तिचा वास. सुकटी ज्या गोधडीवर झोपते ती गोधडी न धुता आणावी. कणगीवरचे गोणपाट आणावे. आल्यावर तिला सगळा फ्लॅट एकदम दाखवू नये. आईंची एकच खोली तिला द्यावी, त्यात पाणी, खाणे आणि दूरच्या कोपऱ्यात शी-शूचा ट्रे ठेवावा, आणि ती स्वतः दारापाशी येऊन बाहेर डोकावू लागेपर्यंत, मग त्याला आठवडा लागो की तीन आठवडे, तिथेच राहू द्यावे.

मातीविषयी आईंनी अगदी मुळाला हात घातला आहे. बाजारात मिळणारे लिटर म्हणजे बहुधा पाणी लागताच गोळा होणारी बेंटोनाइट माती असते, पण परसात वावरलेल्या मांजरीला ती माती वाटत नाही. यावर उपाय सोपा आहे: परसातली कोरडी माती अर्धी गोणी भरून आणा, सुरुवातीला ट्रेमध्ये तीच भरा आणि दर दोन-तीन दिवसांनी मूठ-मूठ लिटर वाढवत न्या. माझा जुना बोका असाच शिकला. तोवर तुळशीच्या कुंडीत मात्र मोठे गोटे किंवा नारळाच्या शेंड्या दाबून ठेवा, नाहीतर सुकटी पहिल्याच रात्री तिथे आपली सोय लावेल आणि घरात वेगळाच प्रसंग उभा राहील.

पागोळी, ५ मे

उंदीर निघून जातील हा मुद्दा मान्य. बाकीचा नाही.

दहीभात, ६ मे

आमच्याकडे शाकाहार आहे आणि गावातल्या आमच्या मांजरी पिढ्यान्‌पिढ्या दूधभातावर जगल्या. चांगल्या गुबगुबीत होत्या. ठाण्याला आणल्यावर तिच्यासाठी ते महागडे विकतचे खाणे खरोखर लागते का? की ही कंपन्यांनी लावलेली सवय आहे?

विषयांतराचा दोष पत्करून एक आठवण सांगतो. श्रीवैष्णव परंपरेत मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर असे दोन न्याय सांगतात. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून राहते. मांजराचे पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला मानगुटीला धरून उचलून नेते. भक्ताने देवाला धरायचे की देवावर सगळे सोपवायचे, यावर दोन पंथ पडले. मांजर घराचे की माणसाचे हा वाद त्या मानाने लहान आहे.

गोठ्यातला डॉक्टर, ७ मे

मी पशुवैद्य आहे. काम मुख्यतः गाईम्हशींचे, पण अलीकडे तालुक्यातही मांजरे दाखवायला येतात. मार्जारकिशोर न्याय फक्त किशोरांना लागू आहे, हे आधी सांगतो. वाढलेल्या मांजराला मानेची कातडी धरून उचलू नये. एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली द्यावा.

दूधभाताविषयी. गावातले दूधभाताचे मांजर हे खरे पाहता उंदीर, सरडे, पाखरे आणि टोळ यांवर जगत असते आणि दूधभात त्याला वरकड म्हणून मिळतो. आपल्याला दिसते ती वाटी. रात्रीची शिकार दिसत नाही. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे अमिनो आम्ल त्याच्या शरीराला पुरेसे तयार करता येत नाही, ते मांसातूनच मिळावे लागते, आणि दीर्घकाळ मिळाले नाही तर डोळ्याचा पडदा खराब होऊन अंधत्व येते आणि हृदयाचे स्नायू ढिले पडतात. फ्लॅटमध्ये उंदीर नाहीत. तेव्हा नुसत्या दूधभातावर ठेवलेले फ्लॅटमधले मांजर उपाशीच म्हणायचे, मग ते कितीही गुबगुबीत दिसो. शिवाय पुष्कळशा मोठ्या मांजरांना दूध पचत नाही आणि ढाळ लागतात. मांजराला गोड चव कळतच नाही, त्यामुळे त्याला दुधातली साखर आवडते हाही आपला गैरसमज आहे; त्याला आवडते ती स्निग्धता.

सुकटी मासे खाणारी आहे हे चांगले, पण तिला कालवणातला मासा देऊ नये. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवले तरी त्यांचा दोष जात नाही. मासा मीठ-मसाल्याशिवाय वेगळा उकडून, काटे काढून द्यावा. कच्चा रोज देऊ नये, कारण काही माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते आणि ते उकडल्यावर निकामी होते. सुकट हे तिचे नाव असले तरी तो तिचा आहार होऊ नये; त्यात मीठ फार. मुख्य आहार मांजरांसाठीचा तयार खाद्यच ठेवलेला बरा, आणि तो मांजरांसाठीचाच हवा, कुत्र्यांचा नको. सवय मात्र इथे, गावातच, निघण्याच्या आधी लावायला घ्या. घर आणि ताट दोन्ही एकाच दिवशी बदलू नका.

आता सर्वांत महत्त्वाचे. नवीन जागी मांजर लपते आणि खात नाही. कुत्रा दोन दिवस उपाशी राहिला तर फारसे बिघडत नाही. मांजराचे तसे नाही. उपाशी मांजराच्या शरीरातली चरबी यकृतात साठू लागते आणि त्यातून यकृत निकामी होऊ शकते. अंगाने भरलेल्या मांजरीला हा धोका अधिक. चोवीस तास पोटात काही गेले नाही तर मला किंवा तिथल्या डॉक्टरांना फोन करा, अट्ठेचाळीस तास होऊ देऊ नका.

निघण्याआधी तीन-चार आठवडे हातात असतील तर रेबीजची लस आणि मांजरांची तिहेरी लस देऊन घ्या. तिहेरीचा दुसरा डोस तीन ते चार आठवड्यांनी असतो. नसबंदी झाली नसेल तर तीही करून घ्यावी. मांजरी माजावर आली की फ्लॅटमध्ये रात्र-रात्र ओरडते, आणि वयस्क मांजरीच्या गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. आठ वर्षांच्या मांजरीची रक्ततपासणी करून मूत्रपिंडे कशी आहेत ते पाहिलेले चांगले, कारण म्हाताऱ्या मांजरांना बहुधा तोच आजार गाठतो आणि तो उशिरा लक्षात येतो.

आईंच्या औषधांचा डबा उंच ठेवा, आणि मांजर कण्हले म्हणून घरातली तापाची गोळी तिला कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, एक गोळीही जीव घेऊ शकते. हे मी दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी कोणीतरी निळ्या पडलेल्या हिरड्यांचे मांजर टेबलावर आणून ठेवते.

जिना क्रमांक दोन, ९ मे

मी एका गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापन समितीवर आहे आणि मांजरप्रेमी नाही, हे आधीच कबूल करतो. तक्रारी आमच्याकडे येतात त्या पाळलेल्या मांजराच्या नसतात. जिन्यात सोडून दिलेल्या मांजराच्या असतात. रात्री दार उघडून "फिरून ये" म्हणणारे सभासद सकाळी चौथ्या मजल्यावरच्या पायपुसण्याचे काय झाले याची जबाबदारी घेत नाहीत. घरात ठेवलेल्या मांजराविरुद्ध संस्थेला काही करता येत नाही. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचना मुख्यतः कुत्र्यांविषयी आहेत, पण त्यांतले तत्त्व स्पष्ट आहे की बहुमताने ठराव करूनसुद्धा संस्थेला पाळीव प्राणी ठेवण्यावर बंदी घालता येत नाही. राज्यघटनेच्या ५१क या कलमात प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून दिले आहे, हे आमच्या सभेत एका आजींनी वाचून दाखवले होते, आणि पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा होता म्हणून आम्ही सुटलो.

सहावा मजला म्हणता, तर एक सुचवतो. कबुतरांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीवर विसंबू नका. ती पाखरू बाहेर ठेवण्यासाठी असते, मांजर आत ठेवण्यासाठी नसते; आमच्या इमारतीत एका बोक्याने ती कुरतडली आणि तिसऱ्या मजल्यावरून तो खाली आला. मांजर पायांवर पडते हे खरे, पण पायांवर पडून त्याचा जबडा आणि पुढचा पाय मोडला. स्वयंपाकघराच्या खिडकीलासुद्धा तारेची जाळी बसवून घ्या.

वाळवण, ९ मे

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, तुमचा प्रतिसाद मी आईला फोनवर वाचून दाखवला. कांद्याचा भाग ऐकून ती गप्प झाली, कारण गेली आठ वर्षे सुकटी कालवणच खात आली आहे. मग म्हणाली, "मासा ती खायची, कालवण मला ठेवायची." लस आणि तपासणी यांसाठी या आठवड्यात चिपळूणला नेत आहोत. नसबंदी चार वर्षांपूर्वीच झालेली आहे. पागोळी, निर्णय अजून झालेला नाही, फक्त तयारी सुरू आहे.

ऱ्हाईनकाठ, ११ मे

मी जर्मनीत राहतो आणि पुण्याहून आमची मांजरी इकडे आणली, त्यामुळे सात-आठ तासांचा प्रवास वाचून मला थोडा हेवा वाटला. आमच्या बाबतीत आधी पंधरा अंकी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग तीस दिवसांनी रक्त घेऊन प्रतिपिंडांचे प्रमाण मिलिलिटरला किमान ०.५ एकक आहे याची तपासणी, आणि रक्त घेतल्यानंतर तीन महिने थांबणे, असा क्रम होता. त्या तीन महिन्यांत आम्ही एक गोष्ट केली, ती तुम्हाला उपयोगी पडेल. प्रवासाचा पिंजरा आम्ही पहिल्या दिवसापासून दार उघडे ठेवून दिवाणखान्यात ठेवला आणि तिला जेवण त्यातच दिले. निघायच्या दिवशी ती आपणहून आत जाऊन बसली. पिंजरा माळ्यावरून काढला की डॉक्टरकडे जायचे, एवढेच ज्या मांजराला माहीत असते, त्याला तो पाहताच पलंगाखाली जावेसे वाटणारच.

मूळ प्रश्नावर अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली मांजराच्या पिल्लांना अनोळखी खोलीत पालकाबरोबर दोन मिनिटे ठेवले, मग दोन मिनिटे एकटे ठेवले, आणि मग पालक परत आल्यावर ती काय करतात ते पाहिले. सुमारे ६४ टक्के पिल्ले पालक परतल्यावर शांत झाली आणि पुन्हा खोली धुंडाळू लागली. तान्ह्या मुलांवरच्या अशाच चाचण्यांत याला सुरक्षित जवळीक म्हणतात. मोठ्या मांजरांतही प्रमाण जवळपास तेवढेच आढळले. याउलट इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाने २०१५ साली मोजक्या मांजरांवर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की मांजर सुरक्षिततेसाठी माणसावर कुत्र्यासारखे अवलंबून नसते. दोन्ही वाचून माझे मत असे झाले की माणूस हा मांजराच्या हद्दीचाच एक भाग असतो, आणि चालता-बोलता असल्यामुळे तो बरोबर नेता येतो.

पागोळी, ११ मे

अनोळखी खोलीत मांजराला आपला माणूस बरा वाटला, तर त्यात नवल ते काय? परक्या गावच्या एसटी स्थानकावर शेजारच्या आळीतला माणूस भेटला, तर मलाही त्याला मिठी मारावीशी वाटते. गावात मी त्याच्याशी बोलतही नाही. असो. ताई, न्यायचेच ठरले तर पाऊस सुरू होण्याआधी न्या. पावसात मांजराचा स्वभाव तसाही फिरलेला असतो.

वाळवण, १ जून

काल आलो. सुकटी बरोबर आली आहे. ठरवले कोणी, हे सांगणे अवघड आहे. आईने आदल्या दिवशी पिंजऱ्यात तिची गोधडी घातली आणि दार उघडे ठेवून ती देव गुंडाळायला बसली. वळून पाहिले तर सुकटी आत झोपलेली. भाऊ काही बोलला नाही, त्याने मागच्या सीटवर जागा केली. मातीची गोणी डिकीत टाकताना मात्र तो म्हणाला की मुंबईहून लोक आंबे न्यायला येतात आणि आपण माती नेतो आहोत.

प्रवास बरा झाला. वाईट बातमी अशी की आल्यापासून ती कपाटामागे शिरली आहे. खोली आईचीच आहे, गोधडी आहे, माती भरलेला ट्रे आहे. रात्री थोडे पाणी प्यायलेली दिसते, पण खाण्याला तोंड लावलेले नाही. चोवीस तास होत आले.

गोठ्यातला डॉक्टर, १ जून

ओढून बाहेर काढू नका. खाणे किंचित कोमट करून कपाटाच्या तोंडाशी ठेवा, वास सुटला पाहिजे. खोलीत आईंशिवाय कोणी जाऊ नये, आणि आईंनी तिच्याकडे रोखून पाहू नये. मांजराच्या भाषेत रोखून पाहणे म्हणजे दम देणे. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटून उघडावेत. उद्या सकाळपर्यंत काही खाल्ले नाही तर जवळच्या दवाखान्यात न्या, माझ्या उत्तराची वाट पाहू नका.

खिडकीपाशी, १ जून

आईंनी रोज जे करत होत्या तेच त्या खोलीत बसून करावे. वाती वळाव्यात, भाजी निवडावी, मोठ्याने बोलावे. ती ऐकत असते.

वाळवण, २ जून

खाल्ले. सविस्तर लिहिते.

काल संध्याकाळी आईने विचारले की घरात मासे आहेत का. फ्रीजमध्ये बांगडे होते. आमचा ओटा उभ्याने काम करण्याचा आहे आणि मासळी आम्ही बाजारातूनच कापून आणतो, त्यामुळे विळी अजून सामानातच बांधलेली होती. आईने ती सोडायला लावली, आपल्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्र पसरले, आणि गुडघे दुखत असताना पाट घेऊन खाली बसली. तिने सावकाश खवले काढायला घेतली. तो खरखर आवाज मी कित्येक वर्षांत घरात ऐकला नव्हता. दाराच्या फटीतून मी पाहत होते. तिसऱ्या बांगड्याला कपाटामागून आधी मिशा आल्या, मग कान आले, आणि मग सुकटी सरळ चालत येऊन पुढचे पाय जुळवून आईच्या पुढ्यात, गावी बसायची तितक्याच अंतरावर बसली. आईने डोळे वर केले नाहीत. "आलीस? थांब, उकडायचाय. डॉक्टरांनी सांगितलंय," एवढेच म्हणाली. आणि मला हाक मारून मासा उकडायला दिला, कारण तिला उठायचे नव्हते.

रात्री दोनच्या सुमारास ट्रेमधली माती उकरल्याचा आवाज आला. आम्ही तिघेही जागे होतो हे सकाळी कळले.

पागोळी, २ जून

बरे वाटले. तरी नोंद म्हणून लिहितो: तिने विळी ओळखली. आईंना ओळखल्याचा पुरावा यात नाही.

दहीभात, २ जून

पागोळी, शेजारच्या आळीतल्या माणसाला एसटी स्थानकावर एकदा भेटून पाहाच.

वाळवण, २७ ऑगस्ट

धागा वर आणते आहे, कारण काहींनी व्यक्तिगत संदेशातून सुकटीची चौकशी केली. ती बरी आहे. महिन्याभरात ट्रेमधली माती संपून पूर्ण लिटर झाले. तुळशीवर तिने एकदाच प्रयत्न केला. गोट्यांमुळे बेत फसला. खिडक्यांना तारेची जाळी लावली आहे आणि समोरच्या पत्र्यावरची कबुतरे पाहत ती दातांचा कटकट आवाज करत बसते. तपासणीत मूत्रपिंडांची सुरुवातीची कुरबूर दिसली आहे, त्यामुळे पाण्याच्या तीन वाट्या तीन ठिकाणी ठेवल्या आहेत आणि दर सहा महिन्यांनी रक्त पाहायचे आहे. ती बाहेर जाऊ शकत नाही याचे मला अजूनही वाईट वाटते. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी ती दारापाशी जाऊन बसते आणि अर्ध्या तासाने उठते. पागोळी यांचे म्हणणे त्या अर्ध्या तासापुरते मला पटते.

मध्यंतरी आई चार दिवस भावाकडे डोंबिवलीला गेली होती. सुकटीने खाणे सोडले नाही, पण माझ्या हातून ती अर्धेच खायची, आणि आईच्या पाटावर झोपायची. आई परत आली तेव्हा मी मोठ्या अपेक्षेने दार उघडले. सुकटीने तिच्याकडे पाठ केली आणि ती तशीच रात्रीपर्यंत बसून राहिली. आईने कौतुकाने सांगितले की गावीसुद्धा ती लग्नाहून परतली की असेच व्हायचे. रात्री पायथ्याशी घुरघुर सुरू झाली, ती माझ्या खोलीत ऐकू येत होती.

काल शेजारच्या काकूंचा फोन आला. पावसाने पडवीचे दोन पन्हळ गेले आहेत, ते भाऊ जाऊन पाहणार आहे. आणि आमच्या कणगीवर, सुकटीच्या जागेवर, महिनाभर एक पिवळा बोका येऊन झोपतो आहे, त्याला हाकलावे का, असे त्या विचारत होत्या. आईने फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारले, "शेपूट आखूड आहे का त्याची?" आखूड आहे म्हणाल्या. "मग राहू दे," आई म्हणाली, "तो पूर्वीपासून टपून होता. भात घाल त्याला, पण कालवण नको. कांदा असतो."

पागोळी, २७ ऑगस्ट

त्या बोक्याचा फोटो काकूंकडून मिळाला तर इथे जरूर टाका.

वाळवण, २८ ऑगस्ट

भाऊ गणपतीत जाणार आहे, तेव्हा काढून आणायला सांगितले आहे.